सभेला जा, पण आधी अंगणवाडीत बसून ये

वैशू, काल फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "ताई, सरपंचबाईंनी महिला सभेला बोलावलंय. अंगणवाडी सुधारायची म्हणे, आयांची मतं हवीत. मी काय मत देणार? मला काय कळतं त्यातलं?" आणि लगेच कैऱ्यांच्या भावावर घसरलीस. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुझा स्पीकर चालू होता आणि बाजूला संदीपराव होते. आता निवांत लिहिते. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक कोण वाचतं म्हणशील, पण सभेच्या आधी वाच.

तुला काय कळतं ते मी सांगते. तुझी चिनू अंगणवाडीतून आली की धावत मोरीकडे जाते, कारण तिथल्या संडासाला कुलूप असतं, हे तुला कळतं. सोमवारची उसळ ती संपवते आणि बाकीच्या दिवशी ताटात अर्धं टाकते, हे तुला कळतं. तिला गाणी येतात, पण गेल्या दोन महिन्यांत एकही नवी गोष्ट तिने घरी येऊन सांगितली नाही, हे तूच मला मागच्या आठवड्यात बोललीस. वैशू, हेच मत. "बालशिक्षणाचा दर्जा उंचावला पाहिजे" हे मत नव्हे, ते भाषण. ते करायला तालुक्याहून साहेब येतीलच.

माझी निम्मी नोकरी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पर्यवेक्षिका म्हणून गेली. गावागावांत अशा सभा पाहिल्या. बाया पदर सावरत येतात, सतरंजीवर मागे बसतात, चहा होतो, सह्या होतात आणि "सर्व महिलांनी समाधान व्यक्त केले" असं वहीत लिहिलं जातं. समाधान कोणी कुणाला विचारलेलंच नसतं. तुमच्या सभेत तसं होऊ नये असं वाटत असेल तर आधी थोडी तयारी कर.

पहिलं काम, एकदोन सकाळी अंगणवाडीत जाऊन बस. तपासणीला आल्यासारखी नको. सेविकाताईंना आधी सांग, "ताई, सभेत तुमच्या बाजूने काय बोलू ते बघायला आले." जमल्यास मुलांबरोबर जमिनीवर बस, खुर्ची मागू नकोस. मग डोळे उघडे ठेव.

कपाट बघ. खेळणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात? मी कपाट उघडायला लावलं की कितीदा तरी ठोकळ्यांची नवीकोरी पेटी निघायची, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेलं. लोक म्हणतील सेविका आळशी. तसं नसतं गं. ती पेटी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. चार ठोकळे हरवले तर जाब तिला. मग ती बिचारी पेटी जपते आणि पोरं चिंध्यांशी खेळतात. आता यावर उपाय कोण सुचवणार? साहेब नाही सुचवणार, रजिस्टर त्यांचंच. तू सुचव. खात्याची खेळणी वापरून झिजली, मोडली तर ती सेविकेची चूक धरू नये, असं पत्र ग्रामसभेने प्रकल्प कार्यालयाला पाठवावं; आणि ग्रामपंचायतीने दरवर्षी थोडी खेळणी आपल्या पैशातून घ्यावीत, मोडण्यासाठीच. "मोडण्यासाठी" हा शब्द मुद्दाम वापर. सभेत हशा होईल आणि मुद्दा लक्षात राहील.

मग घड्याळाकडे बघ. सेविका मुलांबरोबर प्रत्यक्ष किती वेळ असते आणि मोबाइलबरोबर किती? पोषण ट्रॅकरवर हजेरी, वजन, उंची, गृहभेटी सगळं भरायचं असतं. त्यात १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. सकाळी गोष्टीची वेळ आणि त्याच वेळी दारात चार बाया बाळं कडेवर घेऊन उभ्या. नेटवर्क नाही, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, नवरा रानात. पोरं गोलात बसून वाट बघताहेत. हे दृश्य तुला दिसेलच. यात सरकारने काय करायचं ते सरकार करील, पण एक गोष्ट तुम्ही आयाच ठरवू शकता: पाकिटं न्यायला मुलं घरी गेल्यावरच जायचं, ठरलेल्या दिवशी. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. सभेत अशी एखादी गोष्ट आपण होऊन कबूल केली की पुढच्या मागण्यांना वजन येतं.

ताटाचंही विचार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळाली पाहिजेत, हे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलंय. कॅलरी मोजायला तू जाऊ नकोस. एवढंच म्हण की आठवड्याचं ताट भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाचं बिल वेळेवर निघतं का, तेही विचार. बिल तुंबलं की डाळ पातळ होते. गटातल्या बाया हे सभेत बोलणार नाहीत, पण तू त्यांच्या घरी गेलीस तर सगळं सांगतील.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. सभेत कोण नसेल, ते आत्ताच मोज.

तुमच्या पाथर्डीकडची निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. आता त्या बाया परत आल्या असतील, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेआधी त्यांना गाठायची ही खरी वेळ. पण सभा ठेवली सकाळी अकराला तर त्या कांद्याच्या रानात असणार. आणि ज्यांची पोरं सहा महिने फडावर, कोप्यांमध्ये वाढली, त्यांना अंगणवाडीबद्दल जे सांगायचंय ते तुला-मला सुचायचंसुद्धा नाही. त्या नसतील तर त्या सभेला आयांचं मत म्हणणं खोटं.

कोसबाडला मी नोकरीच्या सुरुवातीला गेले तेव्हा तिथल्या जुन्या बायांकडून ताराबाई मोडकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तू शाळेत नाव पाठ केलंस तेवढंच. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेली ही बाई १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला येऊन गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी काढते. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी उघडली, सगळं मांडलं, पण वस्तीवरची मुलं यायलाच तयार नाहीत. बोलावून आणा, परत पळून जातात. आईबाप मजुरीवर, मोठं भावंड धाकट्याला सांभाळतंय, कुणी गुरांमागे. दुसरी कोणी म्हणाली असती, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. पोरांना तिथेच आंघोळ, तिथेच वेणीफणी, तिथेच गाणी. महागडी साधनं परवडत नाहीत तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा. १९५७ मध्ये हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे तिचा विचार असा निघाला. मुलं का येत नाहीत याचं उत्तर ताराबाईंनी वस्तीत जाऊन शोधलं, कार्यालयात बसून नव्हे.

म्हणून सरपंचबाईंना आजच सांग की सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि एक बैठक वस्तीवर घ्या. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, ती कुठे आणि किती वाजता घ्यायची यात अडचण नसते, सवय असते. वस्तीवर गेलात तर प्रश्नपत्रिका काढू नका. "तुमच्या मुलाला अंगणवाडीत काय हवं?" असं विचारलंत तर त्या "खाऊ" म्हणतील आणि गप्प होतील. "काल दिवसभर धाकटं कुणाकडे होतं?" असं विचार. तिथून पुढे तासभर बोलतील. आठ वर्षांची ताई शाळा बुडवून तान्ह्याला सांभाळते, झोळी झाडाला, आई दुसऱ्या सरीत, हे सगळं बाहेर येईल.

त्यातून जी मागणी निघेल ती बहुधा शिक्षणाची नसेल, वेळेची असेल. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि आईचं काम दिवस मावळेपर्यंत चालतं. मधल्या वेळेचं काय? केंद्राची पाळणा योजना आहे, त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं असतं. देशभरात अशी १७ हजार पाळणाघरं काढायचं ठरलंय. आपल्या गावात एक मिळेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातसुद्धा लिहिलं होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला कामावर धरावं. तू किती ठिकाणी पाहिलंस असं? मागितलं नाही की लिहिलेलं तसंच राहतं.

बरं, आता जे बोलणार आहे त्यावर तू चिडशील. पण थोरली आहे, ऐकून घे.

सभेत पहिली उठणारी बाई काय म्हणेल, मला इथे बसून माहीत आहे. "खासगी नर्सरीतली पोरं वन टू हंड्रेड म्हणतात, एबीसीडी लिहितात, आमच्या अंगणवाडीत नुसतं खेळवतात." आणि सगळ्या माना डोलावतील. संदीपरावही तेच म्हणतात, मला ठाऊक आहे. चिनूला जूनपासून टाय लावून व्हॅनमध्ये बसवायचा बेत आहे ना तुमचा? बसवा, तुमचा निर्णय. पण सभेत ही मागणी करू नकोस. कारण सरकारी यंत्रणेत आयांची सगळ्यात लवकर ऐकली जाणारी मागणी हीच आहे, आणि सगळ्यात चुकीचीही हीच. साहेबांना सोपी, सेविकेला सोपी. पाटीवर अ काढून दिला, गिरवत बस म्हटलं की मूल गप्प. पालक खूश. कपाट उघडायला नको, डेडस्टॉकची भीती नको.

तीन-चार वर्षांच्या पोराच्या मनगटात लिहिण्याचं बळच आलेलं नसतं. ते बळ येतं मळलेल्या कणकेच्या गोळ्यातून, मातीतून, चिंधी पिळण्यातून, चिमटीने ज्वारीतले खडे वेचण्यातून. चिनू तुझ्या शेजारी बसून शेंगा फोडते ना, तो तिचा लेखनाचा तास आहे. "बाबांना दोन भाकरी, आजीला एक" असं म्हणत ताटं वाढते, ते तिचं गणित. "हंड्रेड" म्हणणाऱ्या पोरासमोर सात बिया ठेव आणि पाच दे म्हण, बघ काय होतं. म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयाचा एकच सलग टप्पा मानला आहे, अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, त्यातही खेळ, गोष्ट, गाणं, गप्पा हाच पाया धरलाय. आपल्या महाराष्ट्रात अंगणवाडीसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. तुमच्या ताईंकडे त्याचं पुस्तक असेल, मागून बघ. कागदावर सगळं शहाणपणाचं आहे. कागदाला अडवतो कोण? बऱ्याचदा आपणच, दारात उभं राहून, "आज काय लिहिलं?" असं विचारून.

म्हणून मागणी उलटी कर. "रोज एक गोष्ट व्हावी. रोज मुलं तासभर तरी बाहेर खेळावीत. महिन्यातून एकदा आम्हा आयांना बोलावून मूल काय करतं ते दाखवा, वही दाखवू नका." असं एका आईने म्हटलं की सेविकेच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं. तिलाही खेळवायचंच असतं, पण वहीवर पोरांची परीक्षा घेणारे आपण.

भाषेचंही एक सांगून ठेवते. तलासरीकडे एका पाड्यावर एक पोरगा महिनोन्‌महिने अंगणवाडीत तोंड उघडत नव्हता. सेविकेने माझ्याकडे तक्रार केली, मंद वाटतो म्हणाली. मी तिथे बसलेली असताना मदतनीस त्याच्याशी वारलीत काहीतरी बोलली, तर तो घडाघडा बोलायला लागला. खेकडे कुठे धरले, किती धरले, सगळं. पोरगा हुशार होता, आपली पुस्तकी मराठी त्याला परकी होती. तुमच्या गावात वारली नाही, पण पारधी वस्ती आहे, बंजारा तांडा जवळ आहे. त्यांच्यातली एखादी आजी आठवड्यातून दोनदा येऊन तिच्या बोलीत गोष्ट सांगेल का, हे सभेत विचार. आजीला साडीचोळी द्यायला ग्रामपंचायत नाही म्हणणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण सभेत कोणीतरी "हे आमच्या अखत्यारीत नाही" म्हणेलच. अंगणवाडी सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांत. पन्नास वर्षं झाली. तरी तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क अजून नाही! २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा. त्याखालच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात राज्याने "प्रयत्न करावा" एवढंच आहे. आहार मात्र हक्काचा, तो अन्न सुरक्षा कायद्यात आहे. म्हणजे खिचडी मिळाली नाही तर तू कायदा दाखवू शकतेस, गोष्ट मिळाली नाही तर नाही. म्हणून तर अशा सभेत गोष्टीबद्दल कोणीतरी मोठ्याने बोलावं लागतं.

आणखी दोन गोष्टी पदरात बांधून ठेव. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, विचार. शिलाई मशीन नाहीतर मेळावा हे उत्तर येण्याची शक्यता दाट. दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला सांगितलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागितल्यावर तीन महिन्यांत ती द्यावी लागते. तुमची कॅनॉलपलीकडची वस्ती मोज. चाळीस भरली तर ठराव झालाच पाहिजे.

सभेत सेविकेवर मात्र घसरू नका. गावाला राग काढायला ती सोपी सापडते. सर्वेक्षण आलं की ती, लसीकरणाला ती, निवडणुकीच्या याद्यांना ती, आणि हातात पडतं ते मानधन, पगार नव्हे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यभरच्या सेविका संपावर होत्या, तेव्हा किती जणींनी त्यांच्याशी बोलून घेतलं? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हटलं, तेही त्यांना लढून मिळवावं लागलं. सभेच्या आदल्या दिवशी ताईंना विचार, "तुम्हाला साहेबांसमोर बोलता येत नाही ते काय?" ते तुझ्या तोंडून जाऊ दे. तिचं नाव न घेता.

आता बोलायचं कसं. "अंगणवाडीत सुविधा नाहीत" असं म्हणालीस तर "बघू" असं उत्तर येईल. "संडासाला कुलूप आहे, किल्ली शाळेच्या शिपायाकडे असते, ती अंगणवाडीत ठेवा आणि नळाची तोटी १५ जूनच्या आत बसवा, पैसे १० टक्क्यांतून" असं म्हणालीस तर कुणाला तरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. काय, कुणी, कधी, कुठल्या पैशातून. तीनचार गोष्टींच्या वर नको. यादी लांबली की साहेब त्यातली सगळ्यात स्वस्त उचलतात, बहुतेक वेळा रंगरंगोटी. भिंतीवर हत्ती काढतात, उद्घाटन होतं आणि संडासाला कुलूप तसंच. हत्तीला माझा विरोध नाही, पण तो शेवटी काढा.

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणून कागदावर लिहून ने. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आण. सभेत ग्रामसेवक लिहीत असतील तेव्हा "भाऊ, हे प्रोसिडिंगला घेतलं का? वाचून दाखवा" असं सरळ म्हण. हसतील, हसू दे. आणि रजिस्टर फिरत आलं की सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते बघ. हजेरीची सही कधी ठरावाखाली जाऊन बसते ते कळत नाही. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर घरी बसू नका. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, पण तहकूब सभेला ती अट नसते. नको ते ठराव तिथेच गुपचूप होतात, आणि हवे तेही तिथेच करून घेता येतात.

गावाबाहेरच्या मोठ्या कारभाराचंही सांगते, कारण तुझ्या ग्रुपवर अधूनमधून "हरकती व सूचना मागवल्या आहेत" असे फॉरवर्ड येतात आणि तू अंगठा दाखवून पुढे जातेस. २०१९ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा शिक्षण धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. ४८४ पानं, तीही इंग्रजीत आणि हिंदीत. मुदत आधी जूनअखेर, मग ओरड झाल्यावर जुलैअखेर. तरी दोन लाखांवर सूचना गेल्या. त्यात पहिलंच प्रकरण लहान मुलांच्या शिक्षणाचं होतं, आणि त्यात शिफारस होती की शिक्षण हक्क कायदा तीन वर्षांपासूनच लागू करावा. २०२० मध्ये अंतिम धोरण आलं तेव्हा ती शिफारस त्यात राहिली नव्हती. २०३० पर्यंत सगळ्यांना चांगलं बालशिक्षण देऊ, एवढं उरलं. मला त्या गाळलेल्या वाक्याची अजून चुटपुट लागते. आणि विचार येतो, त्या दोन लाखांत कोयता घेऊन गेलेल्या किती आया असतील?

उपयोग नाही असं मात्र म्हणू नकोस. पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय २९ जून २०२५ ला सरकारला मागे घ्यावे लागले ते आईबाप, शिक्षक, भाषेची माणसं बोलली म्हणूनच. तेव्हा पुढच्या वेळी असा मसुदा आला तर सगळा वाचायच्या भानगडीत पडू नकोस. अंगणवाडीचं पान शोध, मराठीत नसेल तर पहिली सूचना "मराठीत द्या आणि मुदत वाढवा" ही पाठव. मग तुझ्या गावात त्या पानावरचं काय शक्य आहे आणि काय नाही, एवढंच दहा ओळींत लिही. ग्रुपवर तयार आलेला मजकूर जसाच्या तसा पाठवू नकोस. तो कुणाचा तरी असतो, चिनूच्या आईचा नसतो. आणि अंतिम कागद आला की मसुद्याशी ताडून बघ. काय गाळलं ते काय घातलं यापेक्षा जास्त बोलतं.

संदीपराव म्हणतील, आपली पोरगी तर जूनपासून तिकडे जाणार नाही, मग ही उठाठेव कशाला? त्यांना म्हणावं, व्हॅनमध्ये बसली तरी ती खेळणार याच गावातल्या पोरांबरोबर, आणि सहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात कदाचित त्यांच्याच शेजारी बसणार. त्यावर पटलं नाही तर सभेच्या दिवशी भाकऱ्या त्यांनाच थापायला लाव, मी जबाबदारी घेते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात. तेव्हा उठून एवढंच विचार, "तोटीचं काय झालं?" दुसरं काही बोलू नकोस. उत्तर नाही आलं तर तो प्रश्नही वहीत लिहून घ्यायला लाव, आणि प्रोसिडिंगच्या पानाचा फोटो काढून मला पाठव. ग्रामसेवकांचं अक्षर लागत नसेल तर मी लावून देते. आयुष्यभर तेच केलंय.